विद्यापीठांनी सर्वच विद्यार्थ्यांना युनिक्स शेल खाते द्यावे काय?

रावपुरेकर (धागाकर्ता)

नव्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला की विद्यापीठ त्याला ओळखपत्र देते, ग्रंथालयाचे कार्ड देते आणि आता बहुतेक ठिकाणी ईमेलचा पत्ताही देते. त्यात युनिक्स या संगणकप्रणालीवरील शेल खात्याची भर घालावी, आणि तीही केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती नव्हे, तर कला, वाणिज्य, ललित कला, समाजकार्य अशा प्रत्येक शाखेसाठी, असे माझे मत आहे. बडोद्यातील आणि इंदूर-ग्वाल्हेरकडील जाणकारांनी त्याची खुशाल चिरफाड करावी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विद्यापीठाच्या एका सर्व्हरवर प्रत्येकाला स्वतःचे नाव, स्वतःचे फोल्डर आणि थोडी जागा मिळते. घरून, वसतिगृहातून, अगदी मोबाईलवरूनही एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी देणाऱ्या प्रोग्रामने, त्यात शिरता येते आणि पुढचे सारे काम शेलमध्ये, म्हणजे आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्राममध्ये, आज्ञा टंकून करायचे असते. परदेशी विद्यापीठांत १९८० आणि १९९० च्या दशकांत हे अगदी रुळलेले होते. ईमेल वाचायची तेथे, गृहपाठ ठेवायचा तेथे आणि आयुष्यातले पहिले वेबपानही तेथेच टांगायचे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट खुले केल्यानंतर विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी जोडणी म्हणजे शेल खातेच होते. काळ्या पडद्यावर लिंक्स नावाच्या ब्राउझरमधून, चित्रांवाचून, वेब वाचलेली मंडळी या धाग्यावरही सापडतील.

अशा खात्यातून काय निघू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण हेलसिंकीचे आहे. तेथील विद्यापीठाने १९९० च्या सुमारास युनिक्स चालवणारे मायक्रोव्हॅक्स यंत्र घेतले होते आणि परवान्यामुळे त्यावर एका वेळी १६ जणांनाच काम करता येत असे. घरच्या संगणकावरून त्या यंत्राशी बोलता यावे म्हणून लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जो टर्मिनल प्रोग्राम लिहायला घेतला, तोच वाढत वाढत १९९१ मध्ये युनिक्ससारखी संगणकप्रणाली, म्हणजे लिनक्स, झाला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील ५०० सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. गांधीनगरच्या आयआयटीत २०२२ मध्ये उभा राहिलेला परम अनंत हा महासंगणकही लिनक्सवरच चालतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही शेलमधूनच जाते.

पण मला टोरवाल्ड्स घडवायचे नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर साधे उदाहरण आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर समजा भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थिनीने ठरवले की बडोद्याच्या काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी दर तासाला नोंदवायची. तिचा लॅपटॉप रात्री बंद होतो आणि मोबाईल वीज वाचवण्यासाठी ॲपला झोपवतो. शेल खात्यावर मात्र क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, तक्त्यात एक ओळ लिहिली, म्हणजे आधी शून्य, पुढे चार तारे आणि मग आज्ञा, की तासाच्या ठोक्याला सर्व्हर स्वतःच जाहीर झालेला आकडा उचलून फाईलच्या शेवटी जोडत राहतो. पावसाळा संपल्यावर २६ फुटांची भयसूचक पातळी ओलांडलेले तास निवडायला ऑक या मजकूर चाळणाऱ्या आज्ञेची एक ओळ पुरते. या कामाला महागडा संगणक लागत नाही. अखंड चालू असलेला आणि आपला म्हणता येईल असा संगणक लागतो.

‘सर्वांना कशाला?’ हा प्रश्न येणारच आहे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन यांना बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची योजना हाती घेतली, तेव्हा कोणत्या गावकऱ्याला कोणते पुस्तक लागणार आहे, याची यादी आधी मागितली नव्हती.

सर्व्हरखोली

मी एका महाविद्यालयाच्या सर्व्हरांची देखभाल केली आहे. नाव लिहीत नाही. प्रस्ताव वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला, म्हणून दुसरी बाजू सविस्तर लिहितो.

परीक्षेच्या आठवड्यातला प्रसंग आहे. एका मुलाने सी भाषेच्या सरावात फोर्कची, म्हणजे नवी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) जन्माला घालण्याची, आज्ञा न संपणाऱ्या वळशात घातली. प्रत्येक प्रक्रिया दुसरीला जन्म देऊ लागली आणि क्षणार्धात प्रक्रियांचा तक्ता भरून गेला. माझ्या टर्मिनलवर एलएस ही फायलींची यादी दाखवणारी साधी आज्ञा टंकली तरी उत्तर एकच येत होते : ‘फोर्क : रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’. म्हणजे यंत्र जिवंत आहे, पण बिघडलेली प्रक्रिया मारण्यासाठी जी नवी प्रक्रिया लागते तीच जन्माला येत नाही. शेवटी वीज बंद करून यंत्र पुन्हा चालू करावे लागले आणि त्या वेळी काम करत असलेल्या सगळ्यांचे न साठवलेले काम गेले. मुलाचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येक खात्यावर प्रक्रियांची मर्यादा घातलेली असती तर त्याचे एकट्याचे अडले असते आणि इतरांना पत्ताही लागला नसता.

ही झाली अजाणता केलेली गंमत. जाणूनबुजून केलेली याहून कठीण असते. जानेवारी २०२२ मध्ये पीकेएक्झेक या छोट्या प्रोग्राममधले छिद्र जाहीर झाले. ते २००९ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून, त्यात होते आणि ज्याच्याकडे साधे शेल खाते आहे असा कोणीही त्यातून थेट रूट, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊ शकत होता. ज्या यंत्रावर चार प्राध्यापकांची खाती आहेत तेथे अशी बातमी आली की रविवार गाठून दुरुस्ती करता येते. ज्या यंत्रावर दहा हजार तरुण आहेत तेथे ती दुरुस्ती त्याच संध्याकाळी करावी लागते, आणि ती संध्याकाळ दिवाळीच्या सुट्टीत आली तरी. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या हजारो यंत्रांना अडवणारा पहिला मोठा इंटरनेट किडा कॉर्नेलच्या एका विद्यार्थ्याने सोडला होता, हे येथे सांगावेसे वाटते.

शिवाय कायदा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आपल्या यंत्रावरून कोणी दुसऱ्याच्या यंत्राचे दार ठोठावले तर पत्र विद्यार्थ्याला येत नाही, विद्यापीठाला येते. त्या पत्राला उत्तर कोण देणार, हे या धाग्यात अजून कोणी लिहिलेले नाही.

वाणिज्यशाखा

मी वाणिज्य शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांना एक्सेल आणि टॅली नीट आले तरी नोकरी मिळते, आणि तेही सर्वांना नीट येत नाही. अशा मुलांपुढे काळा पडदा ठेवून काय साधणार आहे? अभ्यासक्रमात नसलेली गोष्ट मुले शिकत नाहीत आणि अभ्यासक्रमात घातली की ती पाठ करून लिहितात. प्रस्तावकांचा उत्साह मला समजतो, पण ‘सर्वांना’ हा शब्द फार सहज लिहिला गेला आहे, असे वाटते.

मल्हारगंज

इंदूरहून लिहितो. सर्व्हरखोली यांच्याशी मी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे : या खात्याची आज गरजच उरलेली नाही. २०१६ पासून विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय आहे, अँड्रॉइडवर फोनमध्येच शेल देणारे टर्मक्स ॲप आहे, आणि पायथन भाषेतले प्रोग्राम ब्राउझरमधून चालवण्यासाठी गूगलचे कोलॅब फुकट मिळते. १९९० च्या दशकात संगणक महाग होता म्हणून सगळ्यांनी एकच यंत्र वाटून घेतले. ती गरिबी होती, तिला आपण परंपरा करू नये. ज्याला शेल शिकायचे आहे तो स्वतःच्या यंत्रावर शिकेल, आणि तेथे फोर्कचा वळसा घातला तर नुकसानही त्याचे एकट्याचे होईल.

फतेगंज_वसतिगृह

मल्हारगंज काका, आपल्या मुद्द्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडे लॅपटॉप आहे हे गृहीत धरलेले आहे. माझ्या मजल्यावर सर्वांकडे नाही. मोबाईल मात्र सर्वांकडे आहे आणि मोबाईलवरून एसएसएच व्यवस्थित चालते, कारण येणे-जाणे फक्त अक्षरांचे असते. वसतिगृहाचे वायफाय रडतखडत चालत असतानाही ते टिकते. टर्मक्स मी वापरतो. त्यावर मोठी फाईल चाळायला लावली की फोन तापतो आणि अर्ध्यात फोन आला की कधी कधी काम मरते. कोलॅब काही तासांनी बैठक तोडतो आणि त्याबरोबर फायलीही पुसल्या जातात. प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते. रात्री अकरा वाजता आम्हाला जे हवे असते ते यांतल्या कशातच नाही.

रावपुरेकर

वाणिज्यशाखा ताईंना आधी उत्तर देतो. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या मोजणीतून कोरोनाचे १५,८४१ रुग्ण काही दिवस गळून राहिले होते. कारण असे की प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये उतरवली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही, आणि उरलेले गळाले तरी ते कोणाच्या ध्यानात आले नाही. आजच्या एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. एखाद्या मोठ्या पेढीच्या वर्षभराच्या विक्रीनोंदी ती सहज ओलांडतात. तुमच्या विद्यार्थ्याने एक्सेल सोडावे असे माझे म्हणणे नाही. फाईल उघडण्याआधी डब्ल्यूसीने ओळी मोजाव्यात, कट आणि सॉर्टने हवे ते रकाने काढावेत आणि युनिकने दुबार बिले शोधावीत, इतके त्याला आले तर तो लेखापरीक्षकाच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल. यासाठी वेगळा अभ्यासक्रम नको. खाते हाताशी असले आणि वरच्या वर्गातला एखादा दाखवणारा भेटला की पुरते.

मल्हारगंज यांचा मुद्दा अधिक विचार करायला लावणारा आहे, पण मला तो पटत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर माणूस स्वतःच राजा असतो, त्यामुळे परवानग्या म्हणजे काय हे त्याला कधीच कळत नाही. एकाच यंत्रावर हू टंकले आणि आपल्याखेरीज आणखी साठ जण आता येथे काम करत आहेत असे दिसले, की फाईल कोणाला वाचू द्यायची, गटाला लिहू द्यायचे की नाही, जड काम नाइस लावून मागे कसे ढकलायचे, हे प्रश्न आपोआप पडू लागतात. पुढे नोकरीत जे सर्व्हर भेटतात ते असेच सामायिक असतात.

आणि खर्च म्हणाल, तर दहा हजार विद्यार्थ्यांना प्रत्येकी २ जीबी जागा दिली तर होतात २० टीबी. एवढी जागा आज एकाच हार्ड डिस्कवर मिळते. दोन प्रती ठेवायच्या तर आणखी एक-दोन डिस्का. नुसत्या अक्षरांच्या बैठकीला स्मृतीही फार लागत नाही.

पोथीशाळा

जुन्या ग्रंथांच्या संपादनाशी माझा संबंध आहे, संगणकाशी बेताचाच. तरीही लिहितो, कारण कला शाखेला याचा काय उपयोग, हे कोणी सांगितलेले नाही.

वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९७५ मध्ये पुरी केली. वेगवेगळ्या प्रांतांतील आणि लिप्यांतील हस्तलिखिते समोर ठेवून श्लोकागणिक पाठभेद नोंदवण्याचे ते काम विद्वानांनी कागदावर केले. डिफ नावाची आज्ञा बेल लॅब्समध्ये त्याच दशकाच्या पूर्वार्धात तयार झाली आणि दोन संहितांतला फरक ओळीगणिक दाखवणे एवढेच ती करते. कोणता पाठ ग्राह्य, हे ती सांगत नाही आणि सांगूही नये. पण दोन टंकलिखित प्रती जुळवताना डोळा थकला की जे निसटते, ते ती निसटू देत नाही. ती ओळीच्या हिशोबाने चालत असल्यामुळे आधी प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीवर आणावा लागतो, नाहीतर एका मात्रेच्या फरकासाठी सबंध परिच्छेद वेगळा ठरतो.

देवनागरीच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपण तीन अक्षरे म्हणून वाचतो, डब्ल्यूसीला तो आठ चिन्हांचा दिसतो आणि बाइटांत मोजला तर चोवीस भरतात. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि डिफ ते वेगळे म्हणून दाखवतो. मराठीच्या कोणत्याही मोठ्या संहितेत शब्द शोधायला गेले की ही खाच लागतेच, आणि ती ठाऊक नसलेला संशोधक ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आज्ञेने अर्धेच दाखले मोजून प्रबंध लिहून मोकळा होतो. शिवाय बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. तरुणांना हे खाते दिले तर यातले काही दुरुस्त करणारेही त्यांच्यातूनच निघतील, असा मला एक स्वार्थी लोभ आहे.

मल्हारगंज

पोथीशाळा यांचे उदाहरण आवडले, पण हे सारे काम लॅपटॉपवरही होते. माझा आक्षेप कायम आहे. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याच्या उत्तराने तो थोडा हलला आहे, हे मान्य करतो. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनाच खाते द्या.

फतेगंज_वसतिगृह

मग ते खाते म्हणजे गरिबीचा दाखला होईल आणि कोणी अर्जच करणार नाही. सर्वांना मिळत असेल तरच ते मागायला संकोच वाटत नाही.

सर्व्हरखोली

या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. आता रावपुरेकरांच्या ग्रंथालयाच्या दाखल्याकडे येतो, कारण त्यातला अर्धाच भाग त्यांनी वापरला आहे. महाराजांनी नुसती पुस्तके वाटली नाहीत. त्यांनी आधी माणूस आणला आणि त्या माणसाने १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपाल घडवण्याचा वर्ग सुरू केला. प्रस्तावात डिस्कांचा हिशोब आहे, माणसाचा नाही. सर्व्हर स्वस्त झाले आहेत हे खरे. तो सांभाळणारा माणूस स्वस्त झालेला नाही. रात्री दोन वाजता फोन उचलणारे निदान दोन जाणते लोक पगारावर असतील, त्यांच्या रजा एकमेकांशी जुळवलेल्या असतील आणि कुलसचिवांच्या कचेरीत त्यांचे वजन असेल, तर मी ‘सर्वांना’ या शब्दालाही होकार देईन. नसतील, तर संगणक विभागाच्या साठ मुलांनाही देऊ नये, कारण धोका साठांवर आणि साठ हजारांवर एकाच दारातून येतो.

बाकी जे करायचे ते अवघड नाही, कंटाळवाणे आहे. दर खात्याला प्रक्रियांची, स्मृतीची आणि डिस्कची मर्यादा पहिल्या दिवसापासून असावी. पासवर्डाने बाहेरून प्रवेश नको, किल्लीनेच, म्हणजे प्रत्येकाच्या यंत्रावर ठेवलेल्या गुप्त फाईलनेच, असावा. एसएसएच स्वतः १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जन्मले ते तेथील जाळ्यावर कोणी पासवर्ड चोरून ऐकत होता म्हणूनच. घरफोल्डर इतरांना बंद असावे. उबुंटू या लिनक्सच्या प्रचलित प्रकारात २०२१ पर्यंत ते मुळातच सर्वांना वाचता येण्याजोगे असायचे, आणि मुलांचे गृहपाठ एकमेकांशी इतके जुळायचे की प्राध्यापक मुलांवर चिडायचे; चिडायला हवे होते आमच्यावर. निकालांचा, शुल्काचा, कर्मचाऱ्यांच्या पगाराचा सर्व्हर या यंत्राच्या जाळ्यातही नसावा. हे यंत्र उद्या कोणी फोडले तरी पुसून दुपारपर्यंत पुन्हा उभे करता आले पाहिजे.

वाणिज्यशाखा

माणसांचा मुद्दा निघाला म्हणून विचारते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८९ पासून अशी खाती विद्यार्थ्यांचीच एक संस्था चालवते, असे वाचले आहे. पगारावरच्या दोघांच्या जोडीला विद्यार्थी घेता येतील का? वाणिज्यच्या मुलाला पहिली ओळ शिकवायला मला सर्व्हरतज्ज्ञ नको आहे. तिसऱ्या वर्षातली कोणी मुलगी, जी गुजरातीत किंवा मराठीत समजावून सांगेल, ती हवी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे लिनक्स आणि बॅश या शेलचे धडे आपल्या भाषांत आहेत, ते तिने सोबत बसून दाखवले तरी बराच पल्ला गाठला जाईल. माझा विरोध मागे घेतलेला नाही, पण माझ्या शाखेतून वीस स्वेच्छेने येणारी मुले मी देऊ शकते.

फतेगंज_वसतिगृह

मदतीला यायला आम्ही काही जण तयार आहोत. एकच शंका आहे. सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला रूट मिळाले तर तो आपल्याच वर्गमित्रांचे ईमेल आणि फायली वाचू शकेल. माझ्या फायली माझ्या खोलीतल्या मित्राला दिसाव्यात, हे मला चालणार नाही.

सर्व्हरखोली

रास्त शंका आहे. विद्यार्थ्यांना रूट द्यायचेच नाही. सुडो या सोयीने रूटच्या अधिकारातल्या मोजक्या आज्ञा नेमून देता येतात : विसरलेली किल्ली बदलणे, अडकलेली प्रक्रिया थांबवणे, जागेची मर्यादा वाढवणे. त्यांनी चालवलेली प्रत्येक आज्ञा दुसऱ्या यंत्रावर नोंदली जावी, आणि त्या यंत्रावर त्यांचे खाते नसावे. १८० दिवसांच्या नोंदी नाहीतरी ठेवायच्याच आहेत, त्याच येथे कामी येतील. ईमेल या सर्व्हरवर आणूच नये.

आणि कोणी विचारलेले नाही ते मीच सांगतो, कारण सर्वांत जास्त कटकट त्याचीच होते : निकाल लागून गेलेल्यांची खाती. तीन वर्षे कोणी न उघडलेले खाते ही चोराची आवडती जागा असते. निकालानंतर सहा महिने खाते चालू ठेवावे, मग किल्ली काढून घ्यावी, फायली आणखी एक वर्ष राखाव्यात, आणि त्या क्रॉनच्या ओळी मात्र पहिल्याच दिवशी थांबवाव्यात. विश्वामित्रीची पातळी नोंदवणाऱ्या मुलीने आपली ओळ धाकट्या वर्गातल्या कोणाच्या तरी खात्यावर आधीच हलवलेली असावी. हे नियमांच्या कागदावर तिला प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे.